खेड्यात राहून आरोग्य विमा घ्यायचा आहे, आधी काय तपासायचं?

कपाशी_दर्यापूर

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातलं गाव. माझं वय ४१, शेती आणि कृषी केंद्र. बायको ३६, मुलगी ११, मुलगा ८, आई ६३. आईला बीपी आणि शुगरच्या गोळ्या सुरू आहेत. माझी शुगर काठावर आहे (एचबीए१सी ६.२), गोळी नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) खातो. रेशनकार्ड केशरी.

महात्मा फुले योजना असताना वेगळी पॉलिसी घेण्यात अर्थ आहे का? घ्यायची तर प्रत्येकाची वेगळी की सगळ्यांची मिळून एक? खोलीभाड्याच्या मर्यादेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो, ते नेमकं काय असतं? एजंट म्हणतो शुगर आणि खर्रा लिहू नका, हप्ता वाढतो. आणि मुख्य म्हणजे, आमच्याकडे गरज पडली की आधी तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलात नेतात, मग अमरावती, मग नागपूर. हे सगळं पॉलिसीत बसतं का?

---

पॉलिसी_वाचक_वर्धा

भाऊ, आधी फुले योजनेचं. १ जुलै २०२४ पासून ती रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. त्यामुळे तुमचा पाया आधीच भरलेला आहे, हे धरून चाला. पण ती चालते फक्त यादीतल्या उपचारांना आणि योजनेत नाव असलेल्या हॉस्पिटलातच. तुम्ही दुसरीकडे पैसे भरून नंतर बिल दिलं तर परत काही मिळत नाही. भरती होतानाच आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) रेशनकार्ड-आधार द्यावं लागतं. कोणतं हॉस्पिटल आणि कोणता उपचार बसतो हे १५५३८८ वर आधी विचारून घ्या. स्वतःची पॉलिसी घ्यायची ती या दोन फटींसाठी: यादीबाहेरचा आजार आणि योजनेबाहेरचं हॉस्पिटल. पॉलिसी घेतली म्हणून योजनेतून नाव जात नाही.

एकत्र की वेगळी? आईला तुमच्यासोबत एका फ्लोटरमध्ये (सगळ्यांची मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत) अजिबात टाकू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे तुम्हा चौघांचं ओझं ६३ वर्षांच्या हिशोबाने निघेल. शिवाय आईच्या एका भरतीत रक्कम संपली की वर्षभर मुलांना काही उरत नाही. आईची वैयक्तिक पॉलिसी वेगळी. तुमची आणि बायकोची वैयक्तिक घ्या किंवा मुलांसह चौघांचा फ्लोटर घ्या, दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर तुमची शुगर काठावर असल्यामुळे तुमची वैयक्तिक आणि बायको-मुलांचा फ्लोटर ही मांडणी जास्त टिकाऊ आहे. पुढे तुमचे क्लेम वाढले तरी त्यांची रक्कम शाबूत राहते.

आता खोलीभाडं. लोक विमा रकमेकडे पाहतात आणि हे कलम सोडून देतात, नुकसान इथेच होतं. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. नागपुरात तुम्ही ६,०००ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. बिल असं: खोली ३०,०००, डॉक्टर-ऑपरेशन-ओटी ८०,०००, औषधं आणि तपासण्या ५०,०००. एकूण १,६०,०००. तुम्हाला वाटतं कापले जातील फक्त खोलीचे १५,०००. प्रत्यक्षात खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर-ऑपरेशनचा खर्चही निम्माच धरतात, कारण हॉस्पिटलं खोलीच्या दर्जाप्रमाणे ते दर वाढवतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. म्हणजे १५,००० + ४०,००० + ५०,००० = १,०५,००० मिळाले आणि ५५,००० खिशातून गेले. जिथे सगळ्या खोल्यांना ऑपरेशनचा दर सारखाच असतो, तिथे अशी प्रमाणात कपात करता येत नाही. ते हॉस्पिटलकडून लेखी घेऊन क्लेमला जोडा.

म्हणून खोलीला मर्यादा नसलेली किंवा ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलेली पॉलिसी घ्या. हप्ता थोडा जास्त पडतो, तो द्यावा. त्यासाठी बाकीची सजावट सोडली तरी चालेल. मोफत तपासणीचं कूपन, जिमची सवलत यांच्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका.

वेटिंगचे, म्हणजे क्लेम मिळायला लागेपर्यंत थांबायच्या काळाचे, तीन थर असतात, ते वेगवेगळे मोजायचे. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गर्भाशय काढणे असल्या ठरलेल्या यादीला बहुतेक ठिकाणी २४ महिने. आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी ते ४८ होते, एप्रिल २०२४ पासून कमी झाले. एजंट अजून चार वर्षं सांगत असेल तर त्याचा कागद जुना आहे.

जीएसटीचंही पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसीवर तो शून्य आहे. बँक किंवा पतसंस्था जी ग्रुप पॉलिसी गळ्यात घालते तिच्यावर १८ टक्के कायम आहे. ग्रुप पॉलिसीत दुसरी अडचण अशी की संस्थेने करार थांबवला की तुमचं संरक्षण तिथेच थांबतं.

---

क्लेम_खिडकी_अमरावती

हॉस्पिटलच्या बाजूने लिहितो, कारण क्लेम अडतात ते इथे.

पॉलिसीत ‘हॉस्पिटल’ या शब्दाची व्याख्या दिलेली असते. ते कायद्याने नोंदणीकृत पाहिजे. नोंदणी दाखवता आली नाही तर दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी, हे सगळं असावं लागतं. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी असते, पण नूतनीकरण राहून गेलेलं असतं आणि सहा खाटांवर काम चालू असतं. अशा ठिकाणचा क्लेम पैसे भरूनसुद्धा परत येतो. तेव्हा पॉलिसी घेण्याआधी तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र वाचा. त्यावर खाटांची संख्या आणि मुदत दोन्ही लिहिलेल्या असतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग कंपनीच्या वेबसाइटवर कॅशलेस (बिल कंपनी थेट भरते अशा) हॉस्पिटलांची यादी जिल्ह्याप्रमाणे काढा. अमरावती, अकोला आणि नागपूर तिन्ही. देशभर हजारो हॉस्पिटलं आहेत या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही, रात्री दोन वाजता तुम्ही जिथे जाणार ती चार नावं त्यात आहेत का ते बघा. हॉस्पिटलच्या काउंटरवरही फोन करून विचारा की या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का, कारण यादी बदलत असते. यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’खाली मागता येतं. ठरलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या वेळी भरती झाल्यापासून ४८ तासांत. पण हॉस्पिटल १५ खाटांचं, नोंदणीकृत आणि तयार असलं पाहिजे. तालुक्याला त्यावर विसंबू नका.

तालुक्यातून अमरावतीला हलवलं तर पहिल्या दवाखान्याची रेफर चिठ्ठी वेळेसह घ्या. तिथला खर्च, तपासण्या आणि अॅम्ब्युलन्सची पावती मुख्य क्लेममध्ये बसते. भरतीच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस हे बऱ्याच पॉलिसींत असतं, फक्त आजार तोच पाहिजे.

पावत्या. मेडिकलवाला वहीच्या कागदावर बेरीज करून देतो, ते कच्चं बिल चालत नाही. बिल नंबर, तारीख, पेशंटचं नाव, औषधाचा बॅच नंबर, आणि त्याला जुळणारी डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीत पाच गोळ्या आणि बिलात सात असतील तर दोन कापल्या जातात. हॉस्पिटलचं बिल एका ओळीत ‘पॅकेज ४५,०००’ असं घेऊ नका, खोली, डॉक्टर, ओटी, औषध असं फोडून मागा. स्टेंट, लेन्स किंवा प्लेट टाकली असेल तर तिचं स्टिकर आणि बिल. डिस्चार्ज कार्डावर निदान, भरती आणि सुटीची वेळ नीट आहे का ते गादी सोडण्याआधी वाचा. ग्लोव्हज, डायपर, मास्क असल्या ६८ वस्तूंची एक यादी आहे, ती एरवी मिळत नाही. कन्झ्युमेबल्सचं रायडर (जादा हप्ता देऊन घेतलेलं जोडकलम) घेतलं असेल तरच मिळते.

सलाईन लावून संध्याकाळी घरी आलात तर क्लेम होत नाही. डे-केअरच्या (त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांच्या) यादीतले उपचार सोडले तर सलग २४ तास भरती पाहिजे. आणि नुसत्या तपासण्या करायला भरती झालात तर तेही वगळलेलं आहे. व्हायरल तापाला दोन दिवस ठेवून फक्त गोळ्या दिल्या की कंपनी म्हणते हे घरी राहून झालं असतं. डॉक्टरांनी भरती का केलं याची नोंद, म्हणजे प्लेटलेट किती, बीपी किती, उलट्या किती, केसपेपरवर असेल तर ते टिकतं.

कॅशलेसवर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि सुटीच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. घड्याळ मात्र पूर्ण कागद पोचल्यावर सुरू होतं. पैसे भरून नंतर मागत असाल तर सुटीनंतर ३० दिवसांत फाइल द्या.

नाकारलं तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज होतो, ५० लाखांपर्यंतचं ऐकतात. कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

---

कपाशी_दर्यापूर

खूप आभार. आमच्या इथल्या दवाखान्याचं प्रमाणपत्र उद्याच पाहतो. फॉर्मचं कोणी सांगेल का? आणि गावात एक जण वर्षाला थोडक्या पैशात ‘फॅमिली हेल्थ कार्ड’ देतो, ते विम्यातच येतं का?

---

राळेगाव_४४५

भाऊ, त्या कार्डाचं आधी सांगतो. त्याच्यावर विमा कंपनीचं नाव आणि युआयएन नंबर हाये का ते पाहाजा. नसंल तर ते नुसतं सवलतीचं कार्ड समजा. दवाखाना बिलात दहा-वीस टक्के सूट देईल तेवढंच, क्लेम कोणी देणार नाही. प्रत्येक खऱ्या पॉलिसीला युआयएन असतो आणि तो नियामकाच्या वेबसाइटवर सापडतो.

आता फॉर्म. एजंट म्हणतो लिहू नका, त्याचं कमिशन पहिल्या हप्त्यातच निघून जातं, क्लेमच्या वेळी उभे तुम्ही राहता. शुगरचा रिपोर्ट ६.२ आहे ना, तो तारखेसह लिहा आणि जोडा. गोळी नसली तरी लिहा. आईच्या गोळ्यांची नावं, डोस, कधीपासून, सगळं लिहा. होईल काय, तर हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजाराला ३६ महिने थांबावं लागेल. लपवलं तर मात्र हॉस्पिटलचा केसपेपरच तुमच्याविरुद्ध जातो. भरती करताना डॉक्टर विचारतात ‘शुगर कधीपासून?’ आणि घरचं कोणीतरी सांगून टाकतं ‘सात-आठ वर्षं झाली’. ती एक ओळ क्लेम नाकारायला आणि पॉलिसी रद्द करायला पुरते. सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही काढता येतं. पाच वर्षं काढून नेऊ या भरवशावर राहू नका. आणि हो, अंदाजाने बोलू नका हे घरच्यांनाही सांगून ठेवजा. नक्की महिना-वर्ष माहीत नसंल तर जुनी चिठ्ठी पाहून सांगतो म्हणावं.

खर्रा म्हणजे तंबाखूच. फॉर्ममध्ये ‘धूम्रपान’ला नाही लिहून लोक मोकळे होतात, पण बाजूला ‘तंबाखू कोणत्याही स्वरूपात’ असा रकाना असतो. तिथे हो, आणि दिवसाला किती ते लिहा. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती आहेत हे नागपूरच्या कोणत्याही कॅन्सर हॉस्पिटलात दिसते. त्या क्लेममध्ये कंपनी पहिला प्रश्न तंबाखूचाच विचारते, अन् दाताच्या डॉक्टरच्या जुन्या कागदावरही ते लिहिलेलं सापडते.

फॉर्म भरला की कंपनीच्या डॉक्टरचा फोन येतो. तो रेकॉर्ड होतो आणि फॉर्मएवढाच धरला जातो. बहुतेक वेळा हिंदीत किंवा इंग्रजीत सुरू होतो. मराठीत बोला म्हणून सांगा, माणूस बदलून देतात. आईच्या फोनवर तुम्ही बोलू नका, आईलाच बोलू द्या, बाजूला बसून गोळ्यांची पाकिटं वाचून दाखवा. वय किंवा आजारामुळे तपासणी लावली तर सकाळी उपाशीपोटी जावं लागतं, केंद्र बहुधा अमरावतीला असंल. पॉलिसी मंजूर झाली की बऱ्याच कंपन्या तपासणीचा खर्च देतात, किती ते आधी विचारा.

जन्मतारखेकडेही लक्ष द्या. म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी किंवा १ जून टाकलेलं असते, अन् मतदान कार्डावर वेगळंच वय. आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवर नाव आणि तारीख एकसारखी करून मगच अर्ज करा. क्लेमचे पैसे खात्यात जमा होतानाही नावाच्या स्पेलिंगवर अडतं.

पॉलिसी हातात आली की ३० दिवस असतात. त्यात सोबतचा फॉर्म ओळीओळीने वाचा, एजंटने परस्पर ‘नाही’वर टिक केली असेल तर लगेच ईमेलने दुरुस्ती मागा. पटली नाही तर याच मुदतीत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. माहितीपत्रक मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागाच.

---

आलापल्ली_रोड

गडचिरोलीकडून एक भर. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर एएस की एसएस ते रिपोर्टसह फॉर्ममध्ये लिहा. एसएस म्हणजे आजार असलेला, एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो, म्हणून लोक लिहीत नाहीत आणि पुढे रक्ताच्या कुठल्याही आजारात तोच मुद्दा काढला जातो. मुलांचंही लिहा.

सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा यांबद्दल कोणी लिहिलं नाही. सर्पदंश सहसा अपघातात धरतात, त्यामुळे पहिल्या ३० दिवसांतही क्लेम बसतो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी घ्या, पॉलिसीसाठी पुढच्या शहरापर्यंत थांबू नका. पुढे खाजगीत हलवलं तर त्या केंद्राची वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. फवारणीत केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ लिहिलं की कंपनी आत्महत्येच्या प्रयत्नाची शंका काढते आणि फाइल महिनोन्‌महिने लोंबकळते. ‘कपाशीवर फवारणी करताना श्वासावाटे/त्वचेवाटे’, औषधाचं नाव आणि वेळ, असं जसं घडलं तसं भरतीच्या वेळीच लिहून घ्या. अशा केसची एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, तिची प्रत लागते. औषधाचा रिकामा डबा फेकू नका, डॉक्टरांनाही तो कामी येतो.

---

पॉलिसी_वाचक_वर्धा

आईचं आणि रकमेचं राहिलं होतं.

आईला बीपी-शुगरमुळे एखाद्या कंपनीने नाही म्हटलं तर ‘आरोग्य संजीवनी’ पाहा. नियामकाने ठरवून दिलेली ही पॉलिसी आहे, कलमं सगळ्या कंपन्यांची सारखी, फरक फक्त हप्त्यात आणि हॉस्पिटलच्या यादीत. मर्यादाही स्पष्ट आहेत: प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपले, खोली विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० पेक्षा जास्त नाही, आयसीयू ५ टक्के पण १०,००० पर्यंत, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे २५ टक्के किंवा ४०,००० यातलं कमी ते. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलला ५,००० ची खोली अपुरी पडेल, तिथे खोली निवडताना वरचा हिशोब लक्षात ठेवा. साठीपुढच्यांचा हप्ता कंपनीला नियामकाशी बोलल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हे जानेवारी २०२५ पासून आहे. ७० पूर्ण झाल्यावर आईला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) मिळेल.

तुमच्यासाठी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप (ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी), ज्यात पहिले ५ लाख वजा. नावात ‘सुपर’ आहे का ते नीट पाहा. वर्षात ४-४ लाखांच्या दोन भरती झाल्या तर मूळ पॉलिसी ५ लाख देईल. सुपर टॉप-अप दोन्ही बिलं मिळवून ८ लाख धरतो आणि उरलेले ३ लाख देतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून शून्य. टॉप-अपच्या फॉर्मवरही शुगर आणि खर्रा लिहायचाच, तिथलं वेटिंग वेगळं चालतं.

काही पॉलिसींत गावाच्या पत्त्यामुळे हप्ता कमी लागतो, पण मुंबई-पुण्यासारख्या वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर १० ते २० टक्के आपल्याला भरावे लागतात. नागपूर कोणत्या झोनमध्ये धरलंय आणि ही अट आहे का, ते विचारा. कर्करोगासाठी मुंबईला जायची वेळ आपल्याकडे येतेच.

हप्त्याची तारीख सोयाबीन विकून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात पडेल अशी पॉलिसी सुरू करा. जून-जुलैत पैसा बी-खतात अडकलेला असतो आणि तेव्हाच पॉलिसी सुटते. वार्षिक हप्ता उशिरा भरायला ३० दिवसांची मुभा असते. त्या दिवसांत भरला तर जुनं वेटिंग वाया जात नाही, पण मधल्या दिवसांत भरती झाल्यास क्लेम मिळत नाही. पैसे यूपीआय, चेक किंवा खात्यातून भरा. कृषी केंद्राच्या उत्पन्नावर जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या हप्त्याची करवजावट (‘८०डी’ म्हणतात ती) घेत असाल तर रोखीचा हप्ता धरत नाहीत. वजावट स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० पर्यंत आणि आईचं वय साठीपुढे असल्यामुळे तिच्यासाठी आणखी ५०,००० पर्यंत.

पुढे कंपनी बदलायची झाली तर नूतनीकरणाच्या तारखेच्या ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्या. भरलेलं वेटिंग सोबत येतं, पण जुन्या रकमेपुरतंच. ५ चे १० लाख केले तर वरच्या ५ लाखांचं वेटिंग पहिल्यापासून मोजतात. जुनी पॉलिसी नवी हातात येईपर्यंत सोडू नका.

---

कपाशी_दर्यापूर

समजलं. अमरावती, अकोला, नागपूरच्या याद्या काढून दोन पॉलिसी निवडतो आणि कलमं इथेच टाकतो. आईचे जुने कागद शोधायला घेतले आहेत.

---

क्लेम_खिडकी_अमरावती

टाका. टाकताना ब्रोशर नको, पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग टाका, आणि खोलीभाडं, को-पे (क्लेममधला आपला वाटा), झोन आणि मोतीबिंदू-गुडघ्याच्या उपमर्यादा कोणत्या पानावर आहेत ते लिहा.